आप्पांचं नाक आणि पिशवीतला वारा

आमच्या दूध संस्थेत कामाच्या वस्तू तीनच होत्या. एक वजनकाटा, एक फॅट काढायचं मशीन आणि एक बसलिंगआप्पांचं नाक. पहिल्या दोन्ही महिन्यातून एकदा तरी बंद पडायच्या. तिसरी कधी बंद पडेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

मी तिथं अकरा वर्षं फॅट काढायचं काम केलं. नेकनूरहून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचं, फाट्यावर उतरायचं आणि पायी आत जायचं. गावाचं नाव सांगत नाही. यातले बरेच जण अजून आहेत, भांडायला त्यांच्याकडे वेळही भरपूर आहे.

आप्पांचं काम ऐकायला सोपं होतं. रांगेतल्या प्रत्येकाच्या किटलीचं झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं, एक श्वास घ्यायचा आणि "चालतंय" म्हणायचं. मग दूध काट्यावर, नमुना माझ्याकडे आणि बाकीचं आत मोठ्या कूलरमध्ये. तिथं सगळ्या गावाचं दूध एक होतं. एखादी आंबलेली किटली आत गेली की सगळंच नासणार, म्हणून दारात आप्पा. ते कधी मोठ्यानं "नासलंय" म्हणाले नाहीत. झाकण हलकेच लावायचे आणि बाईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचे, "आज घरीच असू द्या, वहिनी." लगेच मागच्या माणसावर खेकसायचे, "चल बे, पुढं सरक की, झोपला का?" सगळ्यांच्या माना त्या माणसाकडे वळायच्या आणि तेवढ्यात ती बाई घरी काहीतरी विसरल्यासारखं करून निघून जायची. हा डाव माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं.

नाकाची निगा ते पैलवानानं अंगाची ठेवावी तशी ठेवायचे. तंबाखू नाही, विडी नाही, वासाचं तेल नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पूजेला बेल आणि पाणी. अगरबत्तीला घरात बंदी. गंगाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, उदबत्तीची हौस होती, तर त्या शेजारच्या घरी जाऊन शेजारणीच्या देवापुढे लावून यायच्या. मी पहिल्या दिवशी मोगऱ्याचा गजरा माळून गेले होते. आप्पा म्हणाले, "मॅडम, फूल झकास हाय. खिडकीत ठिवा, जाताना घ्या." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढं तालुक्याहून एक साहेब अत्तर लावून तपासणीला आले, तेव्हा आप्पांनी हात जोडून त्यांना शंभर पावलं लांब लिंबाखाली खुर्ची टाकून दिली आणि चहा तिकडंच पाठवला. साहेबांना तो मान वाटला. मला गजऱ्याचा राग त्या दिवशी गेला.

हे नाक तयार झालं सिरसाळ्याच्या बाजारात. तिथं त्यांच्या वडिलांचं तेला-तुपाचं दुकान होतं. वडील पोराच्या डोळ्यांवर उपरणं बांधायचे आणि तुपाचे डबे एकेक नाकाखाली धरायचे. गाईचं कोणतं, म्हशीचं कोणतं, कोणत्यात डालडा घातलाय. चुकलं तर त्या दिवशी जेवणात तूप नाही. "मी लई तूप खाल्लं बरं का," आप्पा सांगायचे.

मग ते दुष्काळाचे दिवस आले. पहिल्या वर्षी पाऊस कमी झाला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. सहकारी साखर कारखान्याची चिमणी थंड, ऊस नाही, शेतात ढेकळं. कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर चारा छावणी पडली आणि गावातली निम्मी जनावरं आणि त्यांच्यामागं निम्मी माणसं तिकडं राहायला गेली. हातात काही असेल तर ते दूध. छावणीतून दुचाकीवर किटल्या लटकवून लोक यायचे. आप्पा झाकण उघडून सांगायचे की आज उसाचं वाढं मिळालं, काल सुकी कडबाकुट्टी होती, या गाईला पेंड कुणी जास्त घातली. लोक उगाचच ऐकायला थांबायचे.

शेवंताबाई नावाची एक बाई होती, एक म्हैस आणि तीन पोरी असलेली, तोंडानं फटकळ. एका सकाळी आप्पांनी तिच्या किटलीवरून नाक उचललं आणि विचारलं, "शेवंताबाई, म्हशीला लिंबाचा पाला घातला काय?"

"न्हाई आप्पा."

"मग शेजारनीनं घातला आसंल तुमच्या म्हशीला."

शेवंताबाई हसली. चारा पुरत नव्हता, काय करणार. आप्पा हळूच म्हणाले, "घाला, पर धार काढायच्या आदी नगं. धार काढून झाल्यावर घाला. दुसऱ्या धारंपस्तोर वास निघून जातोय."

त्याच उन्हाळ्यात आप्पांच्या आतड्यात गाठ निघाली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ खालच्या बाजूला होती, तेव्हा तेवढा भाग काढून आतड्याचं तोंड डावीकडे पोटावर बाहेर काढलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवून दिली. आता शौचाची वाट ती, कायमची. अडीच महिन्यांनी आप्पा परत आले तेव्हा निम्मे झाले होते. अंगातली घट्ट बंडी गेली होती, मांडीपर्यंत येणारा सैल सदरा आला होता. रांगेतल्या बायका पदर डोळ्याला लावायला तयार होत्या, पण आप्पा म्हणाले, "जिता हाय. झाकणं उघडा."

पिशवीची त्यांना लाज नव्हती. ती रिकामी करायची, धुवायची, बदलायची, हे गंगाकाकू आणि ते दोघं मिळून शिकले होते. त्रास होता वाऱ्याचा. पोटातला वारा आता कुणाला न विचारता पिशवीत यायचा. तासाभरात सदऱ्याखाली फुगवटा दिसायला लागायचा आणि आवाज तर केव्हाही. आपण सगळे जन्मभर दाबून दाबून सभ्य राहिलेलो असतो. आप्पांची ती सोयच देवानं काढून घेतली होती. आवाज आला की ते डोळे मिटायचे. बाई किटली पुढं करायची तर हे दोन पावलं मागं सरकून, मान लांब करून वास घ्यायचे. मी मशीनमागून बघत होते. मला फार वाईट वाटायचं.

मग एकाएकी आठ दिवस बरे गेले. फुगवटा नाही, आवाज नाही. आप्पा पुन्हा रांगेत नीट उभे. मी विचारलं तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानानं खिशातून बाभळीचा काटा काढून दाखवला. "पिशवीला वरच्या अंगाला दोन भोकं पाडली. वारा सुळसुळ निघून जातोय. मॅडम, एवढ्या शिकलेल्या डॉक्टराला सुचलं न्हाई."

सुचलं नव्हतं याला कारण होतं. भोकातून वारा जायचा तसा वासही जायचा, थांबायचाच नाही. आम्हाला तो मधूनच यायचा आणि आम्ही तो आल्याचं दाखवत नव्हतो. पण ज्या माणसाला म्हशीनं खाल्लेला लिंबाचा पाला कळतो, त्याला आपल्या अंगाभोवतीचं काय कळत नसेल? आप्पा सतत आपल्याच वासात उभे होते.

एका सकाळी छावणीतून आलेल्या एका किटलीवर ते वाकले आणि थांबले. मला ते थांबणं अजून दिसतं. त्यांचा डावा हात सदऱ्यावरून पिशवीवर गेला. पुन्हा वाकले. मग म्हणाले, "चालतंय."

दुपारी टँकर आला. ड्रायव्हरनं कूलरचं झाकण उघडलं आणि पाइप न लावताच परत गेला. गावाचं सकाळचं सगळं दूध आंबलं होतं. ते ओतून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात दीड वर्षात पहिल्यांदा काही वाहिलं ते हे. लोक दोन्ही काठांवर उभे राहून बघत होते, पोरंसोरंसुद्धा.

चेअरमन आले, कुणाची किटली होती म्हणून विचारायला लागले. आप्पा पुढं झाले. "किटली कुणाची ते इचारायचं न्हाई. मला वास आलता. मला वाटलं माझाच हाय."

आप्पा घरी गेले आणि संध्याकाळी आलेच नाहीत. मी त्यांना बोलावायला घरी गेले, गंगाकाकूंनीही समजावलं, तर म्हणाले, "नाक हाय तिथंच हाय, मॅडम. पर त्याच्यावर माझाच भरोसा राहिला न्हाई. मग दारात उभं राहून काय करू?"

त्याच आठवड्यात संस्थेची वार्षिक सभा होती, शाळेच्या ओट्यावर. आबासाहेब म्हणून गावातलं बडं प्रस्थ होतं, संस्थेचे व्हाईस चेअरमन, सगळ्यात जास्त दूध त्यांच्या गोठ्यातलं. आप्पांच्या जागी आपल्या भाच्याला बसवायचं त्यांच्या मनात होतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आबासाहेबांच्या गड्यानं आणलेला कॅन भाच्याच्या नाकाखालून कसा जाईल, तेही माहीत होतं. दारातलं नाक कुणाचं, यावर सगळ्या गावाच्या दुधाचं काय होणार ते ठरायचं होतं.

सभा सुरू झाली. वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं सगळे उभे राहिले. माना खाली, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि आप्पांच्या पिशवीतून आवाज निघाला. काट्यानं भोकं पाडलेली पिशवी काकूंनी केव्हाच फेकून दिली होती, ही नवी होती, त्यामुळे आवाज जराही कमी झाला नाही. मोठा, लांब आणि शेवटी जरा वर चढणारा. पहिल्यांदा कुणाचे तरी खांदे हलले, मग सगळी रांग हलायला लागली. चेअरमननी दोन मिनिटांचं एकच मिनिट केलं.

सगळे बसले, आप्पा उभेच राहिले. "आवाज माझा होता," ते म्हणाले. "मला आवरत न्हाई. तुमी हसू तरी आवरायचं. गेलेली मानसं काय म्हनत्याल?"

आता मात्र उघड हसू फुटलं. त्यात आप्पाही सामील होते. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

आबासाहेबांना ते पसंत पडलं नसावं. ते उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "हसन्यावारी नेऊ नका. एका वक्ताचं दूध गेलं. ज्याला सोताचा वास आन् दुधाचा वास येगळा करता येत न्हाई, त्याला दारात काहून ठिवायचं? आप्पा आमाला वडलांसारखे हायत, त्यास्नी आराम द्या."

एवढं गोड बोलल्यावर विरोध कोण करणार? पण मागून शेवंताबाईचा आवाज आला. "एक महिना द्या आप्पाला. तवर मी सोता त्यांच्या मागं हुबी राहते. वास आला तर मी सांगते कुनाचा हाय त्यो." बायकांनी हात वर केले. चेअरमन हिशेबी माणूस, बायकांचे हात त्यांनी मोजले आणि महिना दिला.

दुसऱ्या दिवशी आप्पा, गंगाकाकू आणि मी शहरातल्या दवाखान्यात गेलो. तिथं फक्त या पिशव्यांचंच काम बघणारी एक सिस्टर होती. तिनं आप्पांच्या तोंडून काट्याची हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "आप्पा, पिशवीची चाळणी केली होय? वास आत कोंडायला तर ती पिशवी असते." मग तिनं शांतपणे सगळं सांगितलं. फुगली की भोक पाडायचं नाही, संडासात जाऊन खालचं तोंड वर धरून उघडायचं आणि वारा काढून टाकायचा, पार भरेपर्यंत थांबायचं नाही. वारा गाळून सोडणारी, आत कोळशाची चकती असलेली पिशवीही मिळते, ती तिनं दाखवली. आवाज येणार असं वाटलं तर तळहातानं जागेवर हलकेच दाबून धरायचं. आणि पोटात जाणारा निम्मा वारा तोंडावाटेच जातो, तेव्हा घास सावकाश चावायचा आणि जेवताना बोलायचं नाही.

"जेवताना बोलायचं न्हाई?" गंगाकाकूंचा चेहरा उजळला. "सिस्टर, हे जरा कागदावर लिहून द्या."

आप्पांना वेगळी काळजी होती. "मी सोमवार धरतो. कडक."

"उपाशी पोटी वारा जास्त होतो. थोडं थोडं खात राहायचं."

"मग परळीच्या वैजनाथाला काय सांगू?"

"सिस्टरनं सांगितलं म्हणून सांगा," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत बसले होते. फाटा जवळ आला तेव्हा म्हणाले, "मॅडम, सिस्टर काय म्हनली? खाल्ल्यावर वारा किती वक्तानं येतो?"

"तुमच्या पोटात साधारण सहा तासांनी."

"म्हंजी धार काढल्यावर पाला."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. जो नियम ते शेवंताबाईच्या म्हशीला सांगत होते, तोच आता ते स्वतःला लावणार होते. दूध संस्था सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेपाचला उघडायची. दुपारी बाराचं जेवण म्हणजे वारा बरोबर संध्याकाळच्या रांगेत. तेव्हा मोठं जेवण सकाळी रांग संपल्या संपल्या, साडेआठला. वारा दुपारी येईल, तेव्हा घरी कुणाला त्रास? गंगाकाकूंना, पण त्यांची हरकत नव्हती. दुपारी पोट रिकामं नको म्हणून थोडा ताकभात. रात्रीचं जेवण संध्याकाळच्या रांगेनंतर लगेच.

वेळ ठरली, आता चारा बघायचा होता. आणि इथं दुष्काळ आडवा आला. भाजी कुठं होती? गावात घराघरांत पिठलं-भाकरी आणि कच्चा कांदा. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं म्हणजे आप्पांच्या पिशवीचा पुरताच फुगा. त्यांचं सगळ्यात आवडतं जेवण ते. आप्पांनी एकेक पदार्थ खाऊन बघितला, दूध तपासावं तसा. कांदा शिजवून चालतो, कच्चा नाही. तुरीची डाळ ओवा घालून मऊ शिजवली आणि थोडीच खाल्ली तर चालते. कोबी मिळायचा नाहीच, ते एक बरंच झालं. वाल आणि पावटा कायमचे बाद. "पिठल्याला सोडचिठ्ठी दिली मॅडम," एक दिवस त्यांनी सांगितलं. "गंगेला देऊन एवढं वाईट वाटलं नसतं." काकू शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोडचिठ्ठी दिली म्हनं. मी माझ्यापुरतं पिठलं हाटाया बसले की चुलीपाशी वास घेत घोटाळत्यात बघा."

रांगेतल्या बायकांनी या प्रयोगात मनापासून भाग घेतला. एखादं पोट सगळ्या गावानं वाटून घेतलेलं मी दुसरं पाहिलं नाही. "आप्पा, काल काय खाल्लं?" हा सकाळचा रामराम झाला. छावणीत पाण्याच्या टाकीखाली जिथं पाणी ठिबकायचं तिथं शेवंताबाईनं दुधी भोपळ्याचा वेल लावला होता. त्याचा पहिला भोपळा तिच्या पोरींनी नाही, आप्पांनी खाल्ला. कुणी दोडका आणायचं, कुणी बडीशेप पुडीत बांधून. आवाज तरीही मधूनच यायचा. आला की आप्पा तळहात डावीकडे ठेवायचे आणि म्हणायचे, "कोन हाय? नंतर ये." सुरुवातीला लोक हसले, मग हसायचे बंद झाले, कारण रोज त्याच विनोदाला कोण हसणार.

पण आप्पांची खरी नवी पद्धत वेगळीच होती. ज्या किटलीची शंका आली ती किटली ते बाजूला ठेवायचे. उत्तर लगेच द्यायचे नाहीत. मागच्या संडासात जाऊन पिशवीतला वारा काढायचे, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगणात लिंबाखाली उभे राहून दहा वेळा मोकळा श्वास घ्यायचे. मग परत येऊन दुसऱ्यांदा वाकायचे. वेळ लागायचा, रांग कुरकुरायची. पण शेवंताबाई मागं उभी होती आणि तिच्यासमोर कुरकुरायला हिंमत लागायची. महिन्यात तीनदा असं झालं. तिन्ही वेळा आप्पांनी अंगणातून परत येऊन "चालतंय" म्हटलं आणि तिन्ही वेळा दूध चांगलं निघालं.

महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा चौथी वेळ आली. कॅन आबासाहेबांचा होता, काठोकाठ भरलेला. त्यांच्या गड्यानं झाकण उघडलं. आप्पा वाकले, उभे राहिले, कॅन बाजूला ठेवायला सांगितला आणि मागं गेले. परत आले, वाकले. गड्याच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "आज घरीच असू द्या."

गड्यानं फोन लावला. दहा मिनिटांत आबासाहेब जीपमधून उतरले. एरवी गोड बोलणारा माणूस, पण रांगेसमोर आपला कॅन परत जातोय हे त्यांना सहन झालं नाही. "आप्पा, वास दुधाला न्हाई. तुमच्या पोटाला हाय. हे मी एकटा म्हनत न्हाई, तुमीच म्हनलावता सगळ्या गावाम्होरं."

आप्पांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालून घरी जाणार आणि पुन्हा कधी या दारात उभा राहणार नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, उकळा."

दूध उकळून बघणं ही आमची शेवटची चाचणी, क्वचितच करायची. आंबायला लागलेलं दूध उकळी आली की फाटतं, त्यात वाद उरत नाही. मी कॅनमधून भांडंभर दूध घेतलं आणि स्टोव्ह पेटवला. सगळी रांग आत डोकावत होती. आबासाहेब दारात, आप्पा भिंतीला टेकून. त्यांच्या पिशवीनं त्या तीन-चार मिनिटांत दोनदा आवाज केला. त्यांनी तळहातही ठेवला नाही, कसला विनोदही केला नाही. दुधाला बुडबुडे आले, काठाला पिवळट पाणी सुटलं आणि मधे गाठी गोळा झाल्या. मी भांडं उचलून दारात नेलं आणि सगळ्यांना दाखवलं. माझ्या हातून त्या संस्थेत झालेलं ते सगळ्यात आनंदाचं काम.

"पान्याची टंचाई हाय, कॅन नीट धुतला नसंल पोरानं," आबासाहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले. माफी त्यांनी मागितली नाही आणि आप्पांना ती नकोच होती. महिन्याचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही. भाचा पुढं पतसंस्थेत चिकटला आणि तिथं चांगलं काम करतो असं ऐकते. आप्पा घरी जाताना मला म्हणाले, "लई भ्यालतो मॅडम. दुधाला न्हाई. माझं मलाच खरं वाटत नव्हतं, त्याला."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, छावणी उठली. वारा गाळणारी पिशवी आप्पांना नेमानं मिळायला लागली. ते लग्नाच्या पंगतीत बसायला लागले, नारायणगडाच्या यात्रेलाही जाऊन आले. यात्रेच्या पंगतीत हरभऱ्याची उसळ वाढायला आलेल्या माणसाला त्यांनी कसं दोन्ही हात पानावर आडवे धरून अडवलं, ते काकू साभिनय सांगायच्या. सोमवारी ते सकाळी ताकभात खायचे आणि उपास धरला असंच म्हणायचे. पुढं माझी बदली झाली आणि येणं-जाणं तुटलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते चार-पाच वर्षांनी. कामानिमित्त त्या बाजूला गेले होते, म्हणून फाट्यावर उतरून संस्थेत गेले. आता तिथं मोठं मशीन आलं होतं. किटलीतला नमुना लावला की फॅट, पाणी, आंबटपणा, सगळं काचेवर उमटतं. वास घेणाऱ्या माणसाची जागाच कागदावरून गेली होती. आप्पा दाराबाहेर ओट्यावर बसले होते, पांढरे झालेले, चष्मा लावलेले. संध्याकाळची वेळ होती. मी शेजारी बसले. बरं वाटलं म्हणाले, चहा घ्या म्हणाले.

तेवढ्यात एक सून, माझ्या ओळखीची नाही, किटली घेऊन आली. मला वाटलं सरळ आत जाईल. ती ओट्यापाशी थांबली, किटली टेकवली आणि झाकण काढलं. तिच्यामागं आणखी तिघी थांबल्या. मशीन आत दहा पावलांवर होतं.

आप्पा वाकले. त्याच वेळी त्यांच्या सदऱ्याखालून आवाज आला, चांगला मोठा. मी नकळत त्या सुनेकडे पाहिलं. तिनं तो ऐकलाही नसावा. ती पदर धरून आप्पांच्या तोंडाकडे बघत होती.

"चालतंय," आप्पा म्हणाले. मग ती आत गेली.